नसलेल्या अठ्ठावीस खुर्च्या

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. रक्कम एक लाख पस्तीस हजार रुपये. हजर: मी, भाऊसाहेब आणि दस्तगीरचाचा. भाऊसाहेबांच्या पत्नी चहा देऊन गेल्या. त्यांना हजर धरायचं की नाही यावर भाऊसाहेबांनी थोडा विचार केला आणि ‘उंबऱ्यापर्यंत हजर’ अशी नोंद घ्यायला सांगितली. मी घेतली. आमच्या हौशी नाट्यमंडळाचा मी खजिनदार आहे आणि भाऊसाहेब अध्यक्ष, त्यामुळे त्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं असा रिवाज पडला होता.

रक्कम चाचांच्या डाव्या गुडघ्याची होती. चाचा आमच्या नाट्यगृहाचे डोअरकीपर. अडतीस वर्षं दारात उभं राहून तिकिटं फाडली, आणि शेवटी गुडघा फाटला. डॉक्टर म्हणाले, बदलावा लागेल. मंडळानं ठरवलं की जुनं विनोदी नाटक पुन्हा उभं करायचं, नटांनी एक पैसा घ्यायचा नाही आणि जमेल तो गल्ला चाचांच्या ऑपरेशनला द्यायचा. इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग भाऊसाहेबांनी मोबाईल उघडला आणि म्हणाले, “तिकीट छापायचं नाही. ब्लॉकचेनवर काढायचं.”

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी चहाकडे बघितलं.

भाऊसाहेब म्हणजे निवृत्त तलाठी. आमच्याकडे तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात, आणि निवृत्त झाला तरी ते नाव सुटत नाही. माणसानं आयुष्यभर सातबारा लिहिला की त्याच्या स्वभावाला काय होतं, हे ज्याला बघायचं असेल त्यानं यांच्या घरी तासभर बसावं. त्या घरात पेन्सिल नव्हती. खोडरबर तर नव्हताच. मुलीच्या शाळेच्या वर्षांत तो दप्तरातून लपूनछपून यायचा. ‘नोंद पुसायची नसते, नवी करायची असते,’ हे त्यांचं वाक्य. ते त्यांनी नुसतं कचेरीत पाळलं असतं तर गोष्ट वेगळी. ते जेवतानाही पाळत. पहिला घास घेऊन “आमटी उत्तम” म्हणाले आणि तिसऱ्या घासाला मीठ कमी लागलं, तर पहिलं विधान मागं घेत नसत. “पहिलं विधान कायम. आता दुसरं: मीठ कमी आहे.” वहिनींनी पस्तीस वर्षं या दोन विधानांच्या मधोमध संसार केला.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर मुलीची उंची दरवर्षी पेनानं नोंदलेली आहे. एका वर्षी ती पायात चपला घालून उभी राहिली आणि हे रेघ मारल्यावर लक्षात आलं. रेघ पुसली नाही. तिच्यासमोर लिहिलं, ‘चपलांसह.’ पुढच्या वर्षी मुलगी कागदोपत्री अर्धा इंच आखूड झाली. घराला रंग देताना रंगाऱ्याला तेवढी भिंत सोडायला लावली.

नोकरीत असताना आजऱ्याला एका भावानं दुसऱ्या भावाचं नाव उताऱ्यावरून गायब करायला सांगितलं. वरच्या साहेबांचाही निरोप आला, की किरकोळ दुरुस्ती आहे, करून टाका. यांनी केली नाही. वर्षात तीन बदल्या झाल्या. तिसरी मुरगूडला. त्या तिन्ही बदल्यांचे आदेश त्यांनी फ्रेम करून बैठकीत लावलेत. इतरांच्या घरी जिथं देवांचे फोटो असतात तिथं.

तर अशा माणसाला पुण्याच्या मुलीनं एकदा फोनवर ब्लॉकचेन काय असतं ते सांगितलं. तिला वाटलं, बाबांचा वेळ जाईल. बाबांचा गेलाच, आमचाही गेला.

“खजिनदार, समजून घ्या,” ते मला म्हणाले. “एक वही. तिच्या हजार प्रती, हजार ठिकाणी. एकीत कुणी खाडाखोड केली की बाकीच्या नऊशे नव्याण्णव बोंब मारतात. म्हणजे एका गावाला हजार तलाठी, आणि कुणीच कुणाचा मेहुणा नाही!”

मी विचारलं, खर्च किती? दहा हजार आणि जीएसटी. अकरा हजार आठशे. आमचा छापखानेवाला तिकिटाची बुकं बाराशेत द्यायचा, आणि उधारीवर. हे मी सांगितलं. ते म्हणाले, “त्या बुकातलं एक पान कुणी जास्त छापलं तर कळतं का?”

“मला कळतंय की,” चाचा म्हणाले.

“तोंडी नोंद धरत नाही.”

मग प्रश्न आला, तिकिटं किती. भाऊसाहेबांनी नाट्यगृहाच्या मंजूर नकाशाची प्रत काढली. त्यांच्याकडे ती होतीच. कशाकशाच्या प्रती त्यांच्याकडे होत्या हा वेगळा विषय आहे. नकाशात आसनं सहाशे बारा.

चाचा चुळबुळले. “भाऊसाहेब, पाचशे चौऱ्याऐंशी हायत.”

“नकाशात सहाशे बारा आहेत.”

“नकाशात असत्याल. मागची रांग काढून तिथं साउंडवाल्यांची केबिन बसवलीया. लई वर्षं झाली की.”

“त्याची नोंद कुठाय?”

चाचांनी खिसे चाचपल्यासारखं केलं. कार्यक्रम आपल्याच गुडघ्यासाठी, त्यात आपण किती बोलायचं, असा संकोच त्यांच्या तोंडावर दिसत होता. “न्हाय तर न्हाय,” म्हणाले आणि बशीतला चहा संपवला.

इथं माझीही चूक लिहायला हवी. मी सहाशे बारा गुणिले तीनशे हा हिशेब दोनदा तपासला. गुणाकार बरोबर होता. खुर्च्या मोजायला मी गेलो नाही. नाट्यगृह माझ्या घरापासून चालत आठ मिनिटांवर आहे.

या दोघांची ओळख कशी झाली, तेही सांगण्यासारखं आहे. फार वर्षांपूर्वी भाऊसाहेब नाटकाला आले आणि तिकीट घरी विसरले. चाचा त्यांना ओळखत होते, तिकीट काढताना त्यांनी बघितलंही होतं. म्हणाले, “जावा आत.” भाऊसाहेब दारातच उभे. “मला सोडू नका.” “अवो, जावा की!” “तिकीट नसताना सोडलंत तर मी तक्रार करीन.” मग ते राजारामपुरीतल्या घरापर्यंत चालत गेले, तिकीट घेऊन आले आणि पहिला अंक संपल्यावर आत बसले. चाचा ही गोष्ट सगळ्यांना सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, “असा येडा मानूस म्या दुसरा बघितला न्हाय.” पण त्यानंतर भाऊसाहेबांचं तिकीट ते दोन्ही हातांनी फाडायचे.

विक्री सुरू झाली तेव्हा खरी गंमत पासांची झाली. कोल्हापुरात तिकीट काढून आत जाणं सोपं आहे, पैसे लागतात फक्त. पासावर जायला आपण कुणीतरी असावं लागतं. आम्ही चाळीस मानाचे पास दरवेळी सोडतो, पुढच्या सोफ्यांचे. भाऊसाहेबांनी त्या चाळीस नावांना निरोप धाडला: आपला पास वहीत नोंदला जाईल, नावापुढे ‘फुकट’ असा शेरा राहील, ही यादी कार्यक्रमाच्या दिवशी दारातल्या पडद्यावर दिसेल आणि पुढे कायम कुणालाही बघता येईल.

दुसऱ्या दिवशी एका माजी नगरसेवकांचा मला फोन. “काय ओ खजिनदार, मी फुकट बसतोय हे पाक जगाच्या शेवटापत्तोर दिसणार म्हंतासा?”

“तसं अध्यक्ष म्हणतात.”

“आन पैसं भरलं तर?”

“मग ‘भरले’ असं दिसेल.”

“किती हायत?”

“तीनशे.”

“तीनशे रुपयांसाठी माझी अब्रू काढाय निघाला व्हय!” म्हणाले, आणि भरले. चाळिसांपैकी एकतीस जणांनी भरले. नऊ हजार तीनशे रुपये. मंडळाच्या इतिहासात मानकऱ्यांनी पहिल्यांदा तिकीट काढलं, हे मला प्रामाणिकपणे नमूद केलं पाहिजे. उरलेल्या नऊ जणांनी कळवलं की फुकट लिहायचं तर लिहा. त्यांच्याबद्दल माझा आदर वाढला.

सगळी तिकिटं गेली. पाचशे बहात्तर आणि हे एकतीस, म्हणजे सहाशे तीन. एक लाख ऐंशी हजार नऊशे रुपये. भाडं चौदा हजार, लाईट-साउंड नऊ हजार, रंगभूषा, चहापाणी आणि टेम्पो साडेसहा हजार, आणि ती अनंतकाळची वही अकरा हजार आठशे. जाता शिल्लक एक लाख एकोणचाळीस हजार सहाशे. इस्पितळाला सोमवारी एक लाख पस्तीस हजार भरायचे, बुधवारी ऑपरेशन. चाचांच्या मुलीनं रजाही टाकली होती. मी त्या रात्री शांत झोपलो. झोपलो ते चुकीच्या आकड्यावर.

नाटक रविवारी संध्याकाळी साडेपाचला. चाचांना नवं जाकीट घालून पुढच्या सोफ्यावर बसवलं होतं. आज तुम्ही दाराकडे फिरकायचं नाही, असा भाऊसाहेबांचा हुकूम. दारात त्या ब्लॉकचेनवाल्या कंपनीचा एक माणूस मोबाईलवर मोबाईल धरून तिकिटं वाचत होता. पहिली दोनशे वाचली. मग उरलेले चारेकशे लोक एकदम ओसरीत आले, प्रत्येकानं मोबाईल उघडला आणि रेंज गेली. एक बाई म्हणत होत्या, तिकीट ह्यांच्या मोबाईलात आहे आणि हे गाडी लावायला गेलेत. दुसऱ्या बाईंचे ‘हे’ तर वारणानगरलाच होते. बाईंनी त्यांचा फोटो दाखवला. भाऊसाहेब म्हणाले, फोटो चालणार नाही, मोबाईल पाहिजे.

या गर्दीच्या जरा आधी मुरगूडच्या बचत गटाच्या अठ्ठावीस बायका आल्या. मिनीबस करून. त्यांची तिकिटं रेंज जायच्या आधी वाचली गेली होती, सगळ्या आत गेल्या, आणि पाच मिनिटांत सगळ्या बाहेर आल्या. पुढं त्यांच्या अध्यक्ष. बाकीच्या त्यांना आक्का म्हणत होत्या, त्यामुळे आम्हीही म्हणायला लागलो.

“शेवटची रांग कुठाय ओ?” आक्कांनी विचारलं.

“सरळ मागं,” भाऊसाहेब म्हणाले.

“मागं खोपटं हाय. त्यात दोन पोरं वायरी घिऊन बसल्यात.”

पाचशे चौऱ्याऐंशी, हा आकडा मला चाचांच्या आवाजात ऐकू आला.

भाऊसाहेबांनी आक्कांचा मोबाईल हातात घेतला. तिकिटं नीट बघितली. “तिकिटं अस्सल आहेत,” म्हणाले. “पाचशे पंच्याऐंशी ते सहाशे बारा. तुमच्या नावावर पक्की नोंद आहे. ती कुणी पुसू शकत नाही, कुणी काढून घेऊ शकत नाही.”

“व्हय, पर खुर्ची कुठाय?”

भाऊसाहेबांनी मोबाईल आक्कांना परत दिला. ते आत गेले, केबिनपाशी उभे राहिले आणि परत आले. चेहरा असा, की आजऱ्यापासून मुरगुडापर्यंतच्या तिन्ही बदल्या एकदम झाल्यात.

“कागदावर हाय, जाग्यावर न्हाय,” आक्का मागच्या बायकांना म्हणाल्या. “आमच्या सासऱ्याच्या जमिनीगत झालं बघा. आमाला पैसं परत पायजेत. आठ हजार चारशे. न्हायतर ह्यो दरवाजा आमी सोडत न्हाय आन नाटक हू देत न्हाय.”

मी मनात वजाबाकी केली. एक लाख एकतीस हजार दोनशे. तीन हजार आठशे कमी. आणि आणखी पाच-पन्नास लोकांनी ‘आम्हालाही परत’ म्हटलं, तर बुधवार गेला. मी आक्कांना सांगितलं की हा पैसा एका म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्याचा आहे.

“त्येंच्या गुडघ्यासाठीच तिकीट काढलं की,” आक्का म्हणाल्या. “आमचं अठ्ठावीस जणींचं गुडघं मोडाय न्हवं!”

तेवढ्यात मागून आवाज आला, “सरका.”

चाचा होते. जाकीट काढून खांद्यावर टाकलेलं, एक हात भिंतीला. भाऊसाहेब म्हणाले, “तुम्ही इथं यायचं नव्हतं.” चाचा म्हणाले, “तुमी त्या वहीला बघा. दार माझं हाय.”

नाटकाची जाहिरातपत्रकं टेबलावर पडली होती. चाचांनी गठ्ठा उचलला. समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं, पत्रकाचा कोपरा फाडायचा, पत्रक त्याला द्यायचं, कोपरा खिशात टाकायचा. “तुमी मिरजकर तिकटीला ऱ्हाता न्हवं? जावा. वैनी, सायेब गाडी लावाय गेल्यात ना, येत्याल, तुमी बसून घ्या. ए पावणं, तुमी कुटनं घुसताय? तिकीट? मग हिकडं.” एकही मोबाईल न बघता त्यांनी चारेकशे माणसं वीस मिनिटांत आत घातली. मधे दोनदा गुडघा धरून थांबले. कंपनीचा माणूस त्यांच्याकडे अशा नजरेनं बघत होता, की हे यंत्र कुठं मिळतं.

मग आक्कांकडे वळले. “आक्का, तिसऱ्या घंटेपत्तोर दम धरा. तिकीट काढून बी पंधरा-ईस लोकं येत न्हाईत, ह्यो माझा शब्द. तिथं तुमच्या निम्म्या बसत्यात.”

“आन निम्म्या?”

“सोफ्यावर. तीन बसत्यात, पर पाच मावत्यात.”

“आन न्हाय मावल्या तर?”

“तर माझ्या जागी बसा. म्या हितंच उभा ऱ्हातो. सवय हाय.”

आक्कांनी चाचांच्या पायाकडे बघितलं. गुडघा कापडातूनही सुजलेला दिसत होता. “ह्येच व्हय ते?” त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. आक्कांनी कोपऱ्यातलं स्टूल पायानंच ओढलं आणि चाचांना खांद्याला धरून त्यावर बसवलं.

तिसरी घंटा झाली. पंधरा खुर्च्या रिकाम्या निघाल्या. उरलेल्या तेरा जणी मानकऱ्यांच्या मधे मधे बसल्या. नऊच्या नऊ फुकट पासवाले हजर होते. प्रत्येकाच्या शेजारी मुरगूडची एक बाई बसली आणि मध्यंतरात शेंगदाण्याच्या पुड्या सोफ्यावर फिरल्या. माजी नगरसेवकांनी दोनदा मागून घेतल्या.

नाटक संपल्यावर मी चाचांच्या खिशातले कोपरे आणि रेंज जायच्या आधी वाचलेली तिकिटं मिळून मोजलं. पाचशे सत्त्याण्णव. खुर्च्या पाचशे चौऱ्याऐंशी, सोफ्यावर जादा तेरा. हिशेब जुळला. ब्लॉकचेनमध्ये मात्र त्या दिवशीची हजेरी दोनशे चौदा आहे. ती आता कुणालाही बदलता येणार नाही. आणखी शंभर वर्षांनी कुणी बघितलं तर त्याला वाटेल, कोल्हापूरकरांनी चाचांच्या कार्यक्रमाला पाठ फिरवली.

जाताना आक्का म्हणाल्या, पैसे नकोत, नाटक बघितलं आम्ही. मला हायसं वाटलं. भाऊसाहेबांना वाटलं नाही.

“नाटक बघितलंत ते चाचांच्या शब्दावर,” ते म्हणाले. “तिकीट खुर्चीचं होतं. खुर्ची नव्हती. माझ्या हातून चाळीस वर्षांत खोटी नोंद झाली न्हाय. ही झाली.”

आवाजात ‘न्हाय’ आलं तेव्हा मी समजलो की आता यांना कुणी थांबवू शकत नाही.

नोंद पुसता येत नाही, नवी करता येते. त्यांनी नवी केली. त्या अठ्ठावीस खुर्च्या त्यांनी स्वतःच्या नावावर करून घेतल्या, सातबाऱ्यावर फेरफार करतात तशा. कंपनी नाव बदलायचे पन्नास रुपये आणि जीएसटी घेते, म्हणजे एका खुर्चीला एकोणसाठ. जगात नसलेल्या अठ्ठावीस खुर्च्यांचे सोळाशे बावन्न रुपये त्यांनी भरले. मग पेन्शनमधून आठ हजार चारशे काढले, एसटीनं मुरगूडला गेले, अठ्ठावीस घरी फिरले आणि अठ्ठावीस सह्या घेऊन आले. आक्का घेत नव्हत्या. हे त्यांच्या पायरीवर बसून राहिले. शेवटी आक्कांनी पैसे घेतले आणि जेवायला घातलं. भाऊसाहेब आल्यावर मला म्हणाले, “आमटी उत्तम होती.” दुसरं विधान त्यांनी केलं नाही.

मंडळाच्या पैशाला हात लागला नाही. सोमवारी इस्पितळात एक लाख पस्तीस हजार भरले. उरलेले चार हजार सहाशे काठी, गोळ्या आणि व्यायाम शिकवणाऱ्या मुलीचे गेले. बुधवारी गुडघा बसला.

तीन महिन्यांनी, परत रविवारी, साडेदहालाच भाऊसाहेबांकडे बसलो होतो. हजर: तेच तिघं. वहिनी या वेळी आत येऊन बसल्या, पूर्ण हजर. चाचा काठीशिवाय चालत आले होते. येताना उंबऱ्यावर मुद्दाम डावा पाय आधी टाकला, आम्हाला दिसावा म्हणून.

“भाऊसाहेब,” चाचा म्हणाले, “त्या अठ्ठावीसातली एक मला द्या.”

“काय करणार? तिथं खुर्ची नाही.”

“खुर्ची न्हाय, पर केबिनीच्या डाव्या अंगाला माझं स्टूल हाय. कवा पाय दुखला तर नाटक चालू असताना तिथं टेकायचो. अडतीस वर्षं फुकट बघितलंय म्या. तुमच्या वहीत हे कुटं आलंच न्हाय.”

भाऊसाहेब उठले. मंजूर नकाशा काढला, चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि त्या रांगेवर बोट फिरवलं. मग म्हणाले, “सहाशे चार. खजिनदार, लिहा.”

मी लिहिलं. रोख रुपये तीनशे, दस्तगीरचाचांकडून भाऊसाहेबांना. नावबदलाचे रुपये एकोणसाठ, भाऊसाहेबांकडून कंपनीला. भाऊसाहेबांच्या नावावर शिल्लक खुर्च्या, सत्तावीस.